बाळंतिणींच्या डिप्रेशनवर थिसिस करताय? मग शेवटच्या पानापासून सुरुवात करा

एमएस्सी नर्सिंग, एमएसडब्ल्यू, सायकॉलॉजीचं एमए, पीएसएमचे (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे) पीजी, दरवर्षी यातले बरेच जण बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा विषय घेतात आणि का घेतात तेही उघड आहे, स्केल (उत्तरांना गुण देऊन त्रास मोजायची प्रश्नावली) तयार मिळतं, प्रश्न दहाच, बाळंतिणी वॉर्डात एका रांगेत सापडतात, सॅम्पल पटकन पूर्ण. विषयाला माझी हरकत नाहीच, उलट अजून काम व्हायला हवंय. हरकत आहे ती प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर "गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात येईल" एवढं एक वाक्य टाकून मोकळं होण्याला. कोण पाठवणार, कुठे, कधी, गाडीभाडं कोणाचं, तान्हं बाळ सोबत न्यायचं का, आणि घरचे सोडतील का, यातलं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून मी हे उलट्या क्रमाने सांगणार आहे, आधी बाई त्रासात सापडली तर काय ते, आणि प्रश्न कसे विचारायचे ते नंतर.

पण त्याच्याही आधी स्वतःला विचारा की टक्केच परत मोजायचेत का. गोव्यातला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात २७० बायकांना गरोदरपणापासून गाठून बाळंतपणानंतर परत भेटले, ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के जणींना डिप्रेशन निघालं, आणि त्यातल्या बहुतेकींना त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. २०१७ मध्ये भारतातले ३८ अभ्यास एकत्र करून जो आकडा आला तो २२ टक्के. आता तुमच्या हॉस्पिटलातल्या १०० बायकांमध्ये १९ निघाले काय नि २६ निघाले काय, त्या बायकांना बोलतं करण्याइतकं नवीन त्यातून काय कळणार? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची एथिक्सची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात बारा तत्त्वं दिलीत आणि पहिलं हेच आहे, की हे संशोधन खरंच आवश्यक आहे का. त्यापेक्षा असं काहीतरी बघा ना, स्कोर जास्त आलेल्या बाया डॉक्टरपर्यंत का पोचत नाहीत, माहेरून सासरी परत गेल्यावर काय बदलतं, आशाताईंना घरभेटीत काय दिसतं आणि त्या ते कुणाला सांगतात का. यातल्या शेवटच्या विषयात तर बाळंतिणीला प्रश्न विचारायचीसुद्धा गरज नाही.

आता तो दहावा प्रश्न

बहुतेक जण एडिनबरो स्केल वापरतात, १९८७ पासूनचं आहे, मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या विचारांचा. पीएचक्यू-९ (डिप्रेशनचीच नऊ प्रश्नांची दुसरी प्रश्नावली) घेतलात तर तिथे तो नववा येतो. सगळी तयारी या एका प्रश्नासाठी करायची असते असं समजा, कारण बाकी नऊ प्रश्नांच्या उत्तरांना थोडा वेळ मिळतो, याला मिळत नाही.

पहिला नियम, स्कोर तिथेच काढायचा, तिच्या घरातून किंवा ओपीडीतून उठायच्या आधी. हा नियम एवढा साधा आहे की लिहायला लाज वाटते, पण फॉर्मचा गठ्ठा हॉस्टेलवर नेऊन पंधरा दिवसांनी एक्सेलमध्ये भरायला बसायचं ही पद्धत सर्रास आहे आणि मग भरता भरता दहाव्या रकान्यात ३ दिसतो. तेव्हा ती बाई कुठे असते, कशी असते, काही माहीत नसतं. म्हणून दहावा प्रश्न डोळ्यासमोर बघायचा, "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, एकूण स्कोर अगदी पाच असला तरी, प्रश्नावली बाजूला ठेवायची आणि शांतपणे विचारायचं. आज पण असे विचार येताहेत का, कसं करायचं ते मनात आलंय का, तसं काही घरात हाताशी आहे का (शेतीचं औषध घरात असणं आपल्याकडे नेहमीचं आहे, हे नाव घेऊन विचारा), बाळाबद्दल असे काही विचार येतात का, आणि आत्ता घरात तुमच्यासोबत कोण असतं. असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही भीती खोटी आहे, उलट बऱ्याच जणींना कुणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं.

उत्तरं काळजीची असली तर तिला एकटं सोडून निघायचं नाही, तिथूनच गाईडला फोन, आणि त्याच दिवशी डॉक्टरची भेट. हे शक्य व्हायचं असेल तर पहिला फॉर्म भरायच्या आधी तुमच्या हातात काय हवं? एका मानसोपचारतज्ज्ञांचं लेखी पत्र, की अमुक वारी अमुक वेळेत मी या अभ्यासातल्या बायकांना बघेन आणि तातडीचं असेल तर फोनवर मिळेन. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग गाठा, त्यांची तालुक्याला यायची तारीख लिहून घ्या, आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरना आधी जाऊन भेटा, फोनवर नाही, प्रत्यक्ष. गाडीभाड्याचे पैसे बजेटमध्ये वेगळे काढा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, तो कार्डावर द्याच, पण कार्ड दिलं म्हणजे आपलं काम झालं असं नाही, कारण ज्या घरात फोन नवऱ्याच्या खिशात असतो तिथे हेल्पलाइनचा उपयोग किती ते तुम्हीच सांगा.

आणि एक वेगळीच गोष्ट ओळखता आली पाहिजे. बाई दोन-तीन दिवस झोपलेली नाही तरी दमलेली दिसत नाही, भलतंच बोलतेय, कुणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणतेय, बाळ माझं नाहीच बदललंय असं म्हणतेय, तर ते स्केलने मोजायचं डिप्रेशन नाही, सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, असू शकतो, हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो आणि ती इमर्जन्सी आहे. घरचे म्हणतील बाहेरची बाधा आहे, सटवाईचं राहिलंय, वाद घालत बसू नका, "ते पण करा पण आज डॉक्टरला दाखवू" एवढंच बोला आणि १०८ ची वाट धरा.

स्कोर जास्त पण दहावा प्रश्न ठीक, अशा बायका सगळ्यात जास्त निघतील. त्यांना "तुम्हाला डिप्रेशन आहे" असं सांगायचं नाही, कारण स्केल फक्त चाळणी लावतं, निदान डॉक्टर करतात. असं म्हणा, "ताई, तुम्ही जे सांगितलंत त्यावरून तुमच्यावर बराच ताण दिसतोय, बाळंतपणानंतर खूप बायकांना असं होतं आणि त्यावर इलाज आहे, डॉक्टरांशी एकदा बोलायचं का?" नाही म्हणाली तर आठवड्याने परत विचारू का एवढं विचारा. बायकांच्या मनात दोन भीती असतात, गोळ्या घेतल्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल, आणि वेडी ठरवून बाळ काढून घेतील. दूध पाजत असतानाही देता येतात अशी औषधं आहेत आणि ती डॉक्टर ठरवतात, तुम्ही नाव सुचवायचं नाही. दुसऱ्या भीतीसाठी मानसिक आरोग्य कायदा २०१७ वाचून ठेवा, उपचारासाठी दाखल असलेल्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करायचं नाही असं त्यात कलम २१ मध्येच लिहिलंय.

कन्सेंट म्हणजे सही नाही

इथे सगळ्यात जास्त गडबड होते आणि ती करणारे लोक वाईट नसतात, घाईत असतात. नर्सिंगची विद्यार्थिनी युनिफॉर्म घालून पीएनसी (बाळंतपणानंतरच्या) वॉर्डात जाते, कालच सिझर झालेली बाई, टाके दुखतायत, बाळ दूध ओढत नाहीये, आणि ही म्हणते "मावशी जरा सही करा". ती करणारच ना! तिला वाटतं हा उपचाराचाच भाग आहे, नाही म्हटलं तर सिस्टर रागावतील. त्यामुळे दोन गोष्टी करा. युनिफॉर्म, ॲप्रन काढून जा आणि ज्या वॉर्डात तुमची ड्युटी आहे तिथल्या बायकांना तुम्ही स्वतः विचारू नका, मैत्रिणीला विचारायला लावा. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत स्केल भरूच नका. तेव्हा रडू येणं हे बेबी ब्लूज असतं, बहुतेकींचं दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं, त्या दिवसांतला तुमचा डेटाही खोटा आणि कन्सेंटही.

मग कधी? सहा आठवड्यांची लस ही चांगली वेळ. आई पीएचसीत येतेच, लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात. पण त्या अर्ध्या तासात मुलाखत घ्यायला बसू नका, बाळ रडून लाल झालेलं असतं आणि आजूबाजूला गावातल्याच चार बायका असतात. फक्त माहिती द्या आणि नंतरची वेळ ठरवा.

एक गोष्ट तर स्पष्ट शब्दांत, फॉर्ममध्ये आणि तोंडीही सांगा, की नाही म्हटलं तर जननी सुरक्षाचे पैसे, मातृवंदनाचे हप्ते, बाळाची लस, कशालाच धक्का लागणार नाही. शहरात बसून आपल्याला हे सुचत नाही, पण हप्ता अडकलेल्या बाईच्या डोक्यात हीच गोष्ट पहिली असते, की ही कागद घेऊन आली म्हणजे योजनेचीच बाई. उलटही होतं, अभ्यासात भाग घेतला तर अडकलेला हप्ता सुटेल म्हणून हो म्हणतात. अशा वेळी थांबून परत समजावायचं, सॅम्पल कमी पडलं तरी चालेल.

आशाताईंबद्दल वेगळं बोलायला हवं. त्यांच्याशिवाय गावात तुम्हाला घर सापडणार नाही हे खरं, हॉस्पिटलात बाळंतपण झालेल्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा भेटी असतात, बाळंतिणीचं कसं चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पण त्या त्याच गल्लीत राहतात. आशाताईच बाईला घेऊन आल्या तर ती नाही म्हणू शकत नाही आणि आशाताई शेजारी बसल्या तर ती सासूबद्दल बोलू शकत नाही. म्हणून आशाताईंनी फक्त निरोप द्यायचा, "असा अभ्यास चाललाय, वाटलं तर या नंबरवर मिसकॉल दे" आणि मुलाखतीच्या वेळी त्या घरात नकोत, कोण हो म्हणालं कोण नाही हेसुद्धा त्यांना कळायला नको. हेच ऊसतोडीच्या कोप्यांवर मुकादमाच्या बाबतीत दहापट लागू, मुकादमाने उचल दिलेली असते, त्याने बोलावून आणलेल्या बाईचा होकार हा होकार धरता येत नाही.

सही येत नसेल तर अंगठा, आणि तुमच्या टीमबाहेरचा एक साक्षीदार, त्याने फॉर्म वाचून दाखवलेला ऐकलेला पाहिजे. साक्षीदार म्हणून नवऱ्याला घेऊ नका. कन्सेंटच्या वेळीच विचारून लिहून घ्या, "काही तातडीचं वाटलं तर तुमच्या विश्वासाच्या कुणाला सांगू?" बहीण, मामी, शेजारची काकू, कुणीही चालेल. आणि हेही तेव्हाच सांगायचं की सगळं गुप्त राहील पण तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला तर मला ते डॉक्टरांना आणि या माणसाला सांगावं लागेल. आधी सगळं गुप्त म्हणायचं आणि नंतर फोडायचं, याला फसवणूक म्हणतात.

अठराच्या आतली आई हा अवघड मामला आहे. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) २०१२ च्या कलम १९ मध्ये पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे आणि लग्न झालंय म्हणून ती सुटत नाही. विद्यार्थ्याने एकट्याने हे झेपवायच्या भानगडीत पडू नये, सॅम्पल अठरा पूर्ण झालेल्यांचंच ठेवा, आणि तरीही अशी मुलगी समोर आली तर काय करायचं ते एथिक्स कमिटीतल्या कायद्याच्या सदस्यांकडून आधी लेखी घ्या. यात ज्यांना सगळ्यात जास्त त्रास असेल त्याच मुली अभ्यासाबाहेर राहतात, मला हे पटत नाही, पण अर्धवट तयारीने जाऊन त्यांच्या घरी पोलिस पाठवणं त्याहून वाईट.

घरातली भेट, म्हणजे खरी परीक्षा

बाळंतिणीची खोली ही घरातली सगळ्यात वर्दळीची जागा. मालिशवाली येते, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, बघायला येणाऱ्या बायका, बारशाची तयारी, आणि या सगळ्यात तुम्ही म्हणता मला एकांत पाहिजे. सासूबाईंना "जरा बाहेर जा" म्हटलं की मुलाखत संपली. दोघी जा. एकीने आजींजवळ बसायचं, बाळाची अंघोळ, गुटी, त्यांच्या वेळची बाळंतपणं, हे सगळं खरोखर ऐकायचं, चहा घ्यायचा, आणि दुसरीने आत बोलायचं. घरच्यांना अभ्यासाबद्दल खोटं सांगायचं नाही, "बाळंतपणानंतर आईच्या तब्येतीबद्दल विचारतोय, झोप, जेवण, मन कसं आहे ते" हे खरंच आहे आणि पुरेसं आहे, बाहेर ओट्यावर उभं राहून डिप्रेशन, मानसिक आजार असे शब्द उच्चारायची गरज नाही. घरच्यांचा होकार हा शिष्टाचार म्हणून घ्या, पण तो बाईच्या होकाराच्या जागी चालत नाही आणि घरचे हो म्हणाले, ती गप्प बसली, तर तो नकार समजायचा.

मध्येच कुणी आत आलं तर? आधीच ठरवा तिच्याशी, "कुणी आलं की मी लसीबद्दल विचारायला लागेन", आणि तसा एक खराखुरा लसीचा, दूध पाजण्याचा कागद वर ठेवा. मुलगी झाल्यावर घरचे काय म्हणाले हा प्रश्न तर दार उघडं असताना विचारूच नका. गोव्याच्या त्या अभ्यासातच दिसलंय की गरिबी आणि नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं, आणि मुलगा झाला की मुलगी यावर मारहाण, उपासमार यांचा परिणामही बदलतो, म्हणजे प्रश्न महत्त्वाचा आहे पण चुकीच्या वेळी विचारलात तर तुम्ही गेल्यावर त्याची किंमत ती मोजणार. मारहाणीबद्दल विचारायचं असेल तर त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सुरक्षेच्या सूचना आहेत त्या पाळता येत असतील तरच विचारा, नाहीतर तो भाग गाळा. सज्ञान बाईने मारहाण सांगितली तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि संरक्षण अधिकाऱ्यांची माहिती तिला द्यायची, कुठे जायचं ते ती ठरवेल, तुम्ही परस्पर नवऱ्याला समजवायला जायचं नाही, हे काही उत्साही मुलं करतात म्हणून सांगितलं.

पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी, त्यामुळे पत्ते दोन घ्या, सव्वा महिन्यानंतर ती कुठे असेल ते विचारा. माहेरी जी बाई मोकळी बोलते तीच सासरी "सगळं बरं आहे" म्हणते, फॉर्मवर मुलाखत कुठे झाली हे लिहा, ॲनालिसिसला उपयोगी पडतं. फोन नंबर कुणाचा आहे, कधी करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू, हे तिलाच विचारा. व्हॉट्सॲपवर अभ्यासाचं नाव असलेला मेसेज टाकायचा नाही.

आणि फोन करायच्या किंवा घरी जायच्या आधी त्याच दिवशी सिस्टरना विचारून घ्या की बाळ आहे ना. बाळ एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) असेल, गेलं असेल, आणि तुम्ही "बाळ कसं आहे ताई" म्हणून सुरुवात केलीत तर त्याला माफी नाही.

स्केल स्वतः भाषांतर करू नका, मराठी आवृत्ती कुणी तपासलीय, कुठल्या बायकांवर, कटऑफ (कितीपासून स्कोर जास्त समजायचा तो आकडा) किती धरला ते बघा, १३ हा आकडा सगळीकडे चिकटवायचा नसतो. वाचून दाखवणार असाल तर सगळे पर्याय वाचा, आपल्या शब्दांत समजावून सांगायला लागलात की उत्तर तिचं राहत नाही. बाळ रडलं की थांबा, दूध पाजून होऊ दे, परत सुरू करायचं का ते तिला ठरवू दे.

गूगल फॉर्मवाल्यांसाठी थोडक्यात, आयांच्या ग्रुपवर निनावी लिंक टाकून दहावा प्रश्न विचारलात आणि कुणी ३ भरलं तर तुम्ही तिला शोधू शकत नाही. प्रश्न गाळला तर स्केल बदलतं आणि कटऑफ लागू होत नाही. त्यामुळे नंबर मागा किंवा दुसरी पद्धत घ्या.

कागदपत्रं. कमिटीची मंजुरी पहिल्या फॉर्मच्या आधी, मागाहून मिळत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र वेगळं लागतं आणि ते पत्र म्हणजे बाईचा होकार नव्हे. नावाचे फॉर्म आणि उत्तरांचे फॉर्म वेगवेगळ्या कपाटात. थिसिसमध्ये गावाचं नाव, वय, तिसरी मुलगी, सिझर असं सगळं एकत्र लिहिलंत तर नाव बदलून काही उपयोग नाही, एका उपकेंद्राखाली पाचेक हजार लोक असतात, कोण ते लगेच ओळखतात. प्रवासखर्च आणि बुडलेली मजुरी द्या, बाळाला झबलं दिलंत तरी छान, फक्त रक्कम एवढी नको की तेवढ्यासाठी हो म्हणावं लागेल, आणि ती आधी कमिटीला दाखवा.

हे सगळं ऐकून तुम्हालाही रात्री झोप लागेनाशी होते, त्यासाठी गाईडकडे आठवड्यातून एकदा फक्त बोलायला वेळ मागा, डेटाबद्दल नाही.

फॉर्मवर जो नंबर छापलाय तो कुणाचा आहे तेवढं बघा. डिग्री मिळाली, सिम बदललं, आणि सहा महिन्यांनी एखादीने लावला तर? तो डिपार्टमेंटचा असू द्या, उचलणारं माणूस ठरलेलं असू द्या, किमान शेवटच्या बाईचं बाळ वर्षाचं होईपर्यंत. आणि जे निघालं ते आशाताईंच्या मासिक मीटिंगमध्ये मराठीत सांगून या, नावं न घेता, अर्ध्या तासात होतं.